दीड फेरा

गुरुवार, ता. १८ नोव्हेंबर १९४३ रोजी मनोहररावांच्या मोटारीचा पाण्याचा पंप दुरुस्त केल्याबद्दल मी बाबाराव पराते मिस्त्रींना अकरा रुपये सहा आणे दिले. लोखंडी दांडा कातून घेतल्याचे पाच रुपये, पितळी बुशाचे अडीच, मजुरी तीन रुपये, आणि सूत, मेण, ग्रीस मिळून चौदा आणे. बाबाराव बिल कधी लिहीत नसत. ते उभ्याउभ्या सांगत आणि मी लिहून घेई. पैसे त्यांनी न मोजता सदऱ्याच्या खिशात टाकले आणि सही करताना नेहमीप्रमाणे बोटाचा काळा ठसा कागदावर सोडला.

लकडगंजातल्या मनोहररावांच्या पेढीत मी एकोणतीस वर्षे हिशेब लिहीत आहे. पेढी इमारती लाकडाची आणि भिवापुरी मिरचीची. मी रीतसर व्यापारी शिक्षण घेऊन इथे आलो, तरी एक मनोहरराव मधुकरराव म्हणत, बाकी लोक मला मुनीमजीच म्हणत आले. या मार्चअखेर मी निवृत्त होईन. त्याआधी बाबारावांची हकीकत लिहून ठेवावी असे वाटते. ती माझ्याइतकी पुरती कोणाला ठाऊक नाही.

बाबाराव कोष्टी. घर पाचपावलीत. वडील मागावर रेशीमकाठी लुगडी विणत. गिरणीचा माल स्वस्त झाला आणि हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे बाबाराव सीताबर्डीवरच्या एका मोटार कारखान्यात इंजिन सुरू करायला हँडल मारायच्या कामाला लागले. नागपुरात तेव्हा मोटारी इतक्या थोड्या होत्या, की आवाजावरून कोणाची गाडी आली ते त्यांना कळे. वीसएक वर्षे तिथे काढून त्यांनी आमच्या लाकडाच्या वखारीच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली पत्र्याची शेड टाकली. अंगाने किडकिडीत, बोलायला कमी. गाडी सुरू करून ते एक बांबूची काडी इंजिनाला टेकवत, दुसरे टोक कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. काढलेले नट-बोल्ट एका फळीवर काढले त्याच क्रमाने मांडून ठेवत. मला त्यांच्याविषयी पहिला आदर वाटला तो त्या फळीमुळे.

त्यांना तीन मुले झाली. दोन लहानपणीच गेली. कौशल्या तेवढी राहिली. ती सात-आठ वर्षांची असल्यापासून दुपारी बापाचा डबा घेऊन शेडमध्ये येई आणि डबा रिकामा होईस्तोवर सूत पिळत बसे.

हे सूत पिळणे काय ते सांगितले पाहिजे. मोटारीच्या पंपात बुश नावाच्या पितळी नळीत एक दांडा फिरतो आणि तो इंजिनाभोवतीचे पाणी फिरवतो. दांडा जिथून बाहेर निघतो तिथून पाणी गळू नये म्हणून त्याच्याभोवती दोरी गुंडाळून वरून पितळी नट बसवतात. नट आवळला की दोरी दाबली जाते आणि फट बुजते. ही दोरी विलायतेहून तयार येई. बाबाराव ती कधी घेत नसत. ते मागावरच्या सुताचे आठ पदर पिळून, मेण, एरंडेल आणि काळे शिसे यांत मुरवून स्वतःची दोरी करत. पुढे पिळाई कौशल्येकडे गेली. तिचा पीळ पहिल्या वितीपासून शेवटच्या वितीपर्यंत एकसारखा येई. तिचे लग्न होऊन ती भिवापूरला गेली तेव्हा बापासाठी एक डबाभर दोरी पिळून ठेवून गेली. दिवाळीला माहेरी आली की डब्यात किती उरली ते आधी पाही.

मनोहररावांची गाडी १९२९ सालची, अमेरिकन, हिरव्या रंगाची, कापडी टपाची. त्रेचाळीसच्या पावसाळ्यात तिच्या पंपातून पाण्याची धार लागली. युद्धामुळे परदेशी सुटे भाग येणे बंद झाले होते. मी मुंबईच्या तीन दुकानांना पत्रे घातली. दोघांचे उत्तर आले नाही. तिसऱ्याने कळवले, की या गाडीचा पंप युद्ध संपल्याशिवाय मिळणार नाही. तेव्हा बाबाराव म्हणाले, "मीच करून पाहतो." रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका कारागिराकडून त्यांनी नवा दांडा कातून आणला, बुश बसवला आणि कौशल्येच्या डब्यातली दोरी काढली.

गाडीचा ड्रायव्हर ताराचंद शिवनीकडचा. घरची बोली हिंदी, पण नागपुरात बारा वर्षे काढल्यामुळे त्याची भाषा दोन्हीकडची झाली होती. रिकामा वेळ तो बाबारावांच्या शेडमध्येच घालवी. बाबाराव कोणाशी थट्टा करत असतील तर त्याच्याशीच. दोरी गुंडाळली जात असताना तो बोनेटवर कोपर टेकून उभा होता.

"मिस्त्री, गाडीले लुगडं नेसवून राहिले का?"

"हो. तुह्या अंगावर त धड सदरा नाही. गाडीले तरी नेसू दे."

"कितने हात का है?"

"नऊवारी. तू पदर सांभाळ म्हणजे झालं."

नट त्यांनी दोन बोटांनी फिरवून बसवला, पाना लावलाच नाही. गाडी सुरू केली, काडी कानाला लावली, मग खाली वाकून पाहिले. पंपाखाली एक थेंब जमला आणि पडला. थोड्या वेळाने दुसरा पडला. बाबाराव उठून हात पुसू लागले.

मनोहरराव तिथेच होते. म्हणाले, "बाबाराव, अकरा रुपये लागले अन् गळते तं हायच."

"गळत नाही जी, पाझरून राहिलं. आधी धार होती."

"फरक काय पडला?"

"दांडा फिरते त त्याले ओल पाहिजे. कोरडा फिरला त दोरी जळंल अन् दांडा बुशाले धरंल. मिनिटाले एक थेंब पडू द्या." मग ताराचंदकडे वळून म्हणाले, "अन् तू रे. या नटाले पाना लावला त माह्या शेडात येऊ नको."

"नाही लावत गा. मले तुह्या हातचा चहा पाहिजे."

गाडी पेढीच्या दारात फरसबंदीवर उभी राही. रोज सकाळी मी येई तेव्हा तिच्याखाली ताटाएवढा ओला डाग असे. मी एक रिकामा डबा ठेवून पाहिला. डबा लाथाडला जाई आणि पाणी पायरीपर्यंत येई. ज्याची मजुरी चुकती झाली ते काम रोज माझ्या डोळ्यांसमोर गळत होते. बाबारावांनी सांगितलेले कारण मला समजले होते. तरी डाग दिसला की मला तो सहन होत नसे. एवढा माझा दोष मी आधीच कबूल करतो.

शुक्रवार, १७ डिसेंबरला सकाळी साडेसहाला बाबाराव पेढीवर आले. पायात वहाणा नव्हत्या. आदल्या दुपारची छोटी आगगाडी वाटेत रखडून पहाटे पोचली होती आणि तिने भिवापूरचा माणूस निरोप घेऊन आला होता.

"मालक, मोटार पाहिजे जी," ते मनोहररावांना म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी काही मागितल्याचे मला आठवत नाही. "कौशल्याले दोन दिवसापासून कळा येऊन राहिल्या. पहिलटकरीण हाय. सुईणीनं हात टेकले. तिथला डॉक्टर म्हणते, लवकर नागपूरले न्या, पोट फाडा लागंल."

"मागून काय राहिले? घेऊन जा," मनोहरराव म्हणाले. "मधुकरराव, पेट्रोल किती आहे?"

मी सहा गॅलन असल्याचे सांगितले. जाऊन-येऊन शंभर मैलांना ते जेमतेम पुरणारे होते. बाबाराव जयवंताबाईंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, तयार करायला घरी गेले. गाडी अर्ध्या तासाने त्यांना पाचपावलीतून घेणार होती.

ताराचंदने टाकी भरली, गाडी सुरू करून ठेवली. तेवढ्यात मनोहररावांच्या थोरल्या बहीण यमुताई गोधडी आणि गरम पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या, सगळे घर त्यांच्या शब्दावर चाले. कौशल्या लहानपणी शेडमध्ये येई तेव्हा तिला हाक मारून भाकरीवर लोणी त्याच देत. गोधडी मागच्या सीटवर पसरून त्या वळल्या आणि त्यांना फरशीवर पडणारा थेंब दिसला.

घरात कोणी गेले की पिंपळाला तळाशी भोक पाडलेले मडके टांगतात. दहा दिवस त्यातून थेंब थेंब पाणी गळते. यमुताईंनी तसे मडके अनेकदा पाहिले होते.

"मुनीमजी, हे काय?" त्या म्हणाल्या. "असं टपकत पोरीले आणाले चालले? पिंपळाच्या मडक्यावाणी दिसून राहिलं. अडलेली पोर याच्यात बसवाची? आधी बंद करा हे."

"मिस्त्रीनं मना केलं हाय, बाई," ताराचंद म्हणाला.

"मिस्त्री बाप हाय तिचा. त्याले काय सुचून राहिलं आता? बंद करा म्हणते न मी."

ताराचंदने माझ्याकडे पाहिले. मी पाना मागितला. तो त्याने दिला, पण लगेच सोडला नाही. मी ओढून घेतला, असेच म्हणावे लागेल. बोनेट उघडून मी नटाला एक फेरा दिला. थेंब उशिराने पडू लागला. आणखी अर्धा फेरा दिला. थेंब थांबला. महिनाभर जे डोळ्यांना सलत होते ते दीड फेऱ्यात मिटले आणि मला बरे वाटले. यमुताईंनी गाडीवरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली.

मी ताराचंदला म्हणालो, "मिस्त्रींना सांगू नका. त्यांचे चित्त आधीच ठिकाणावर नाही. आल्यावर सैल करू."

पुढचे सारे ताराचंदने त्याच रात्री मला सांगितले. तो पेढीत उभाच राहिला, बसला नाही.

पाचपावलीत गाडीत बसण्याआधी बाबारावांनी विचारले, "थेंब पडून राहिला ना?" ताराचंद म्हणाला, "पडून राहिला." एरवी ते त्याच्यावर विसंबले नसते, स्वतः वाकून पाहिले असते. त्या दिवशी जयवंताबाई आधीच आत जाऊन बसल्या होत्या आणि चला, चला म्हणत होत्या.

जाताना काही झाले नाही. सकाळची थंडी होती आणि दोरीत मेण होते. भिवापूरला अकराच्या सुमाराला पोचले. बाबाराव थेट घरात गेले. एरवी कुठे उतरले असते तर पंपाला हात लावून पाहिल्याशिवाय ते गाडीपासून हलले नसते. कौशल्येला चौघांनी उचलून आणले. मागच्या सीटवर जयवंताबाईंच्या मांडीवर तिचे डोके ठेवले. जागा उरली नाही, म्हणून तिचा नवरा दुसऱ्या दिवशी छोट्या गाडीने यायचा होता. ती शुद्धीवर होती. ताराचंदला म्हणाली, "भाऊ, खड्डे पाहून चालवा जी."

उमरेड ओलांडून सहा-सात मैल झाले असतील. आधी किंचाळल्यासारखा आवाज आला, मग जळका वास. पट्टा तुटला आणि रेडिएटरमधून वाफ उसळली. बाबारावांनी बोनेट उघडले. नट दोन बोटांनी फिरवू गेले, तो फिरला नाही. त्यांनी पाना मागितला. पाना लावण्याआधी ते नटाकडे पाहत राहिले, मग ताराचंदकडे पाहिले. नट काढल्यावर आतून दोरीचा कोळसा निघाला, हातात भुगा झाला. दांडा बुशात घट्ट धरला होता. हातोडीने ठोकूनही हलला नाही. बाबारावांची बोटे भाजली, पण ते ठोकत राहिले.

मग त्यांनी ठरवले की पंपाशिवायच जमेल तेवढे जायचे. अर्धा मैल चालवायची, थांबायचे, इंजिन निवेपर्यंत वाट पाहायची, विहीर दिसेल तिथून पाणी आणून घालायचे, पुन्हा अर्धा मैल. अशा थांब्यात बाबाराव बादली घेऊन उभे असताना कौशल्येने विचारले, "बाबा, उन्हात काहून उभे? आत बसा न."

"गाडीले पाणी पाजून राहिलो वं."

"लवकर पाजा," ती म्हणाली.

साडेतीन मैल असे गेल्यावर इंजिनातून खडखड आवाज आला आणि ते कायमचे बंद पडले. रस्त्यावर दुसरी मोटार नव्हती. नागपूरकडे जाणारी छोटी गाडी केव्हाच निघून गेली होती. ताराचंद शेतातून धावत जाऊन एक बैलबंडी घेऊन आला. त्यात कडबा पसरून कौशल्येला निजवले. बाबाराव बंडीमागे चालत होते, एक हात तिच्या पायावर ठेवून. नागपूर नऊ मैलांवर असताना, दिवस मावळायच्या सुमाराला, जयवंताबाई म्हणाल्या, "अहो, हिचा हात पाहा." बंडीवाल्याने बैल थांबवले. मूल पोटातच राहिले.

हे सांगून झाल्यावर ताराचंद म्हणाला, "त्याले वाटून राहिलं, मी आवळला. मी थेंब पडून राहिला म्हटलं होतं न."

"मी सांगेन त्यांना," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी ताराचंद पाचपावलीला गेला. बाबाराव ओट्यावर बसले होते. त्याला पाहून म्हणाले, "माह्या दारात पाय ठेवू नको." एवढेच. ताराचंद परत आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मी म्हणालो, "तेरावा होऊ द्या, मग सांगतो."

तेरावा झाला. मी गेलो नाही. सांगायचे तर यमुताईंचे नाव घ्यावे लागेल, असे मी मनाशी म्हटले. आपण कोणाच्या सांगण्यावरून हात घातला त्याने काय फरक पडतो, हेही मला कळत होते. पण कळून मी उठलो नाही. रोज एक काम पुढे येई, ते मी नीटनेटके पुरे करी.

जानेवारीत ताराचंदने लष्कराच्या वाहतूक खात्यात नाव नोंदवले. जायच्या दिवशी त्याने मोटारीची चावी आणून दिली. मी विचारले, "तुम्हीच का नाही सांगितले त्यांना?"

"मी सांगितलं त त्याले वाटंल, मी तुमच्यावर ढकलून राहिलो," तो म्हणाला. "तुम्ही सांगा मुनीमजी. कधी बी सांगा. मिस्त्रीले दुसरा कोणी नाही बोलाले."

बाबारावांनी शेड मोडली. पाने, हातोड्या, जॅक इतवारीत वजनावर विकले. घराच्या मागच्या खोलीत वडिलांचा माग पडून होता, तो पुन्हा लावला आणि जाड पंचे विणू लागले. पुढच्या तीन वर्षांत मला ते दोनदा रस्त्यात भेटले, खांद्यावर सुताचा गठ्ठा. "कसे चालले आहे?" मी विचारी. "चालू हाय जी," ते म्हणत. मोटार ओढून आणून वखारीत ताडपत्रीखाली ठेवली होती. यमुताई पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात वारल्या. दीड फेऱ्याने काय झाले ते त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. त्यांच्या समजुतीने देवाची इच्छा होती.

त्या गेल्यावर माझ्याकडे कारण उरले नाही. तरी दीड वर्ष गेले.

गेल्या नोव्हेंबरात मुंबईच्या त्या तिसऱ्या दुकानाचे पत्र आले, की आपण १९४३ साली विचारलेला पंप आता मिळू शकेल. मनोहररावांनी मागवला. लाकडी पेटीत, गवतात बसवलेला, तेल लावलेला कोरा पंप ४ डिसेंबरला आला. इंजिनाचे कामही करून घेऊन गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असे त्यांच्या मनात होते. म्हणाले, "बाबारावले विचारून या. दुसऱ्याच्या हातात नाही द्यायची मले."

रविवारी, ८ तारखेला, मी पाचपावलीला गेलो. खाली खड्ड्यात पाय सोडून बाबाराव मागावर बसले होते. जयवंताबाई दाराशी रहाटावर सुताच्या कांड्या भरत होत्या. बाबारावांनी धोटा थांबवला, मला बसायला पंच्यांचा गठ्ठा पुढे केला. मी पंप आल्याचे सांगितले.

"कितीचा पडला?" त्यांनी विचारले.

"अठ्ठेचाळीस रुपये."

"महाग नाही जी." थोडा वेळ ते ताण्यातून हात फिरवत राहिले. "माह्या हातानं नाही होणार आता. मालकाले सांगा, वाईट वाटून घेऊ नका म्हणा."

मी उठायला हवे होते. उठलो नाही. म्हणालो, "बाबाराव, त्या दिवशी नट ताराचंदने आवळला नव्हता. मी आवळला."

जयवंताबाईंचा रहाट थांबला. मी सारे सांगितले. यमुताई काय म्हणाल्या, ताराचंदने पाना कसा धरून ठेवला, त्याला गप्प राहायला मी कसे सांगितले. सांगायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

"किती आवळला होता?" बाबारावांनी विचारले.

"दीड फेरा."

"दीड फेरा लय झाला," ते म्हणाले. कारागीर जसे सांगतो तसे म्हणाले. मग बोलले, "नटाच्या कोनावर पान्याचे दात उठले होते. मले तिथंच दिसलं. माह्या नटाले पाना कधी लागत नाही. म्हटलं, पाना ताराचंदजवळ राहते, दुसरा कोण."

"यमुताईनं पोरीच्या भल्यासाठीच म्हटलं होतं न?" जयवंताबाईंनी दारातून विचारले.

"हो."

"मग त्यायले काय म्हणायचं." त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "पण तुम्ही तीन वर्षं काहून थांबले जी? हे रोज रातच्याले त्या पोराले शिव्या देऊन झोपत होते."

बाबाराव खड्ड्यातून वर आले. कंबर धरून सावकाश आले. मला वाटले, ते मला जा म्हणतील. ते भिंतीशी जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडे.

"तो दारात उभा होता," ते म्हणाले. "हातात संत्र्याची पिशवी होती त्याच्या. हिच्यासाठी आणली होती, ही दोन दिवस जेवली नव्हती म्हणून. मी त्याले पायरी चढू नाही देलं. तो काही बोलला बी नाही. बोलला असता त काय झालं असतं. मी मारलं असतं एखाद वेळा. मारून मोकळा झालो असतो." खांदे हलत होते, आवाज नव्हता. जयवंताबाई उठल्या नाहीत. माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "पोर गेली तवा बी हे असे रडले नव्हते."

मग बाबारावांनी डोळे पुसले आणि विचारले, "तो हाय कुठं आता?"

"लष्करात गेला होता. युद्ध संपल्यावर परत आल्याचे ऐकले नाही."

"जिवंत हाय का?"

"ठाऊक नाही."

"त्या दिवशी बंडीवाल्याचे बारा आणे त्यानं देल्ले. माह्याजवळचे होते नव्हते ते भिवापूरच्या डॉक्टरले गेले होते. मी ते परत केले नाही. म्हटलं, त्याचे कायले देऊ." त्यांनी जयवंताबाईंना खूण केली. त्यांनी फडताळातल्या डब्यातून एक आठ आण्यांची अधेली आणि एक चार आण्यांची पावली काढून माझ्यासमोर ठेवली. "मुनीमजी, त्याचा पत्ता काढा. हे द्या. अन् सांगा, मिस्त्री म्हणते, ये म्हणा."

जयवंताबाईंनी पाणी आणून दिले. मी प्यालो. बाबाराव पुन्हा खड्ड्यात उतरले आणि मी दाराबाहेर पडेपर्यंत माग सुरू झाला नव्हता.

मनोहररावांनाही मी त्याच दिवशी सर्व सांगितले. गाडीचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही. नवा पंप पेटीत आहे.

दहा तारखेला मी ताराचंदच्या नावाने शिवनी जिल्ह्यातल्या त्याच्या गावी बारा आण्यांची मनीऑर्डर केली. कमिशन माझ्या खिशातून भरले. खालच्या जागेत बाबारावांचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहिला. २ जानेवारीला ती परत आली. वर पोस्टमनचा शेरा होता, या नावाचा माणूस गावात राहत नाही. लष्कराच्या कार्यालयाला पत्र घातले आहे. आज २६ जानेवारी १९४७. उत्तर नाही.

ताराचंदचे बारा आणे देणे बाकी आहे.